जाड शिरवाळी

गणपतीच्या चवथीपासून देवकी नवऱ्याशी बोलत नव्हती. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर गोकुळदासला बरं वाटलं असतं, कारण भांडण कधीतरी मिटतं. चवथीला देवकीच्या बहिणीकडे, वत्सलाकडे, लाटंबार्सेला, पानात शिरवाळ्या म्हणजे तांदळाच्या शेवया पडल्यावर भर पंगतीत तो एवढंच म्हणाला होता, "शिरवाळ्या खाव्यात त्या वत्सलाच्या हातच्या. केसासारख्या बारीक. आमच्या घरात दोरखंड वळतात." पंगत हसली. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला कुठल्या तारेला हात लावू नये एवढं कळायला हवं होतं.

देवकीने पार्सेला परत येऊन शिरवाळ्यांचा लाकडी साचा धुतला, पुसला आणि माळ्यावर चढवला. तेव्हापासून घरातलं दळणवळण मांजरामार्फत चालू होतं. "सांग गो मने, चहा निवता." मांजर निरोप पोचवत नसे, पण गोकुळदास तो घेत असे. घरात दोनच माणसं असली की एकाचं मौनसुद्धा फार जागा अडवतं. रात्री देवासमोर दिवा लावताना तो मुलगी येण्याची वाट बघू लागला.

मुलगी, गौरवी, अमेरिकेत लुइझियानात नर्स. ती जानेवारीत आली आणि फरक पडला तो मांजराला. त्याला सुट्टी मिळाली आणि निरोप गौरवीमार्फत येऊ लागले.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिने जाहीर केलं, "उद्या मी त्तोकबोक्की करणार."

"म्हणजे?" गोकुळदासने विचारलं.

"तांदळाच्या पिठाच्या कांड्या, लाल तिखट रश्शात. कोरियातलं खाणं. पण माझी पद्धत लुइझियानाची. माझी घरमालकीण कोरियन, तिचा नवरा तिथला कोळंबी पकडणारा. तिने माहेरचं तिखट सासरच्या कढईत घातलं."

"म्हणजे कोरियाचं अमेरिकेत जाऊन बिघडलं, आणि आता तू ते आमच्यावर लादतलंस."

"बाबा, तुझ्या अशा बोलण्यामुळेच तू मांजराच्या ताब्यात गेलास."

गौरवी आईकडे वळली. "पणजीत पाकिटातल्या कांड्या मिळतात, पण त्या चामड्यासारख्या. आपला साचा काढू या?"

देवकी तांदूळ निवडत होती. "त्या साच्यातून दोरखंड येतत," ती तांदळाला म्हणाली.

"मला दोरखंडच हवेत. बोटाएवढी जाड कांडी. बारीक झाली तर सगळं फुकट."

देवकीचा हात थांबला. "जाड?"

"जितकी जाड तितकी चांगली."

देवकी उठली, आणि तिने निवडलेले सुरय, म्हणजे उकडे नसलेले, तांदूळ भिजत घातले. इतिहासात मानहानीचे दावे याहून जास्त काळ चालले आहेत.

गोकुळदासने साचा खाली उतरवला. शंभू वेल्डरकडून बारीक भोकांच्या चकतीच्या जागी बसणारी, मधोमध एकच मोठं भोक असलेली नवी चकती करून आणली. म्हापशाच्या बाजारातून कोळंबी, भेंडी, ढोबळी मिरची आणली. सेलरी नावाचा पालाही मिळाला, तो विदेशी पर्यटकांच्या कृपेने.

दुसऱ्या दिवशी देवकीने भिजलेले तांदूळ वाटले, पीठ उकडून मळलं, गोळे केले, उकळत्या पाण्यात सोडले. इकडे गौरवीने कढईत तेलावर मैदा घातला आणि ढवळायला लागली. पांढऱ्याचा बदामी, बदामीचा तपकिरी. वास आधी भाजलेल्या शेंगदाण्यांचा, मग कशाचा ते गोकुळदासला ओळखू येईना.

"जळता तो," देवकी म्हणाली.

"नाही आई. चॉकलेटच्या रंगापर्यंत न्यायचा. पण आता मला हात काढता येणार नाही. क्षणभर सोडला की गेला."

नेमके तेव्हाच गोळे पाण्यावर तरंगून आले. शिरवाळ्यांचं पीठ गरम असतानाच साच्यातून काढावं लागतं, आणि त्याला दोन माणसं लागतात: एक वरून दांडा दाबायला, एक खाली ताट फिरवायला. लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरातलं गोकुळदासचं हे एकमेव पद होतं. तो येऊन दांड्यावर रेलला. देवकी समोर ताट घेऊन बसली. गौरवी पाठमोरी ढवळत राहिली.

दांडा हलेना. त्याने सगळा भार टाकला. साचा कुरकुरला, आणि चकतीतून काहीतरी बाहेर आलं.

आधी पांढरं टोक. मग अंगठ्याएवढी जाड, ओली, चकाकणारी कांडी, वाफेत लपेटलेली. ती तुटेना. उतरतच राहिली, एखादी जिवंत वस्तू आपल्या सवडीने बिळातून बाहेर यावी तशी. ताटात टेकली, वळली, स्वतःवरच वेटोळं घालून बसली. हे तेच तांदूळ, तेच पाणी, तोच फणसाच्या लाकडाचा साचा. आयुष्यभर याच साच्यातून सूत निघालं होतं. गोकुळदास दाबायचं विसरून बघत राहिला, मग बघता बघता आणखी दाबू लागला. वेटोळं ताटाच्या काठावर चढलं.

"थांब."

त्याने मागे मांजर आहे का पाहिलं. नव्हतं.

"तुमका सांगतंय. थांबा. ताट भरलं."

तो थांबला. श्वासही थांबवला असावा, कारण गौरवीने वळून पाहिलं आणि पुन्हा कढईकडे तोंड फिरवलं.

मग सगळं पटापट झालं. चॉकलेटी मैद्यात कांदा, मिरची, सेलरी चरचरली. कोरियन तिखटाचा लाल गोळा विरघळला. भेंडी, कोळंबी, आणि शेवटी देवकीने विळीवर कापलेल्या कांड्या. रस्सा आधी लाल, मग गडद, मग असा रंग की त्याला मराठीत नाव नसावं. घरभर पसरलेल्या वासाने गोकुळदासला आपलं घर अनोळखी वाटलं, आणि त्यात बसायला तो थोडा बिचकला.

पहिली कांडी त्याने दातांखाली घेतली. ती लगेच हार मानेना. लवली, परतली, मग सुटली, आणि आत तांदळाचा नितळ गोडवा, बाहेर धूर, समुद्र, जाळ. डोळ्यांत पाणी आलं. त्याने दुसरी घेतली.

"कसा झाला?" देवकीने विचारलं. सरळ त्याच्याकडे बघून.

गौरवी घास हातात धरून थांबली. गोकुळदासला सगळ्या विषयांवर मतं होती. तीच त्याच्या आयुष्याची मुख्य अडचण होती. त्याने तिसरी कांडी उचलली.

"माका सांगूक येना," तो म्हणाला.

देवकीने त्याचा चेहरा नीट पाहिला, काही लपवलंय का हे बघत.

"मग बोलू नकात. खावा," ती म्हणाली, आणि पळीभर त्याच्या ताटात वाढलं.