डिकीवरचा हार

दोन हजार चार साली शेणव्याच्या त्या वाडीत पांढऱ्या मोटारी तीन होत्या. एक डॉक्टरांची, एक भाताच्या व्यापाऱ्याची आणि तिसरी हरेशची. पहिल्या दोन रोज रस्त्यावर धावायच्या. हरेशची मात्र दारासमोर उभी असायची, कारण तिला जपायचं होतं.

हरेश ठाण्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क होता. रोज पहाटे तो गाडीला फडका मारायचा, तिच्या आरशात स्वतःचा भांग बघायचा, आणि मग भरलेल्या रिक्षात अर्धं बूड टेकवून आटगाव स्टेशन गाठायचा. ‘स्टेशनपर्यंत तरी न्या की गाडी,’ असं बायको प्रेमा म्हणाली की तो तिला वेड्यात काढायचा. “तिथं कोण ठोकून गेला तर? पळून जाईल, नाव पण कळणार नाय. इथं दारात कशी सेफ राहते.”

दाराला लागूनच आतल्या अंगाला कुंडलिकदादाचं घर होतं. कुंडलिकदादा म्हणजे हरेशचा सख्खा थोरला भाऊ. त्याने भात लावून, ट्रॅक्टर भाड्याने फिरवून हरेशला शिकवलं होतं. आणि हरेशने शिकून घरावर नवे पत्रे घातले, तेव्हा पावसाची सगळी पागोळी दादाच्या अंगणात पडेल अशा बेताने घातले. त्यावरून दोघांची तोंडं वाजली आणि मग बंद झाली, ती चार वर्षं. लाल ट्रॉली ओढत दादाचा ट्रॅक्टर हरेशच्या दारावरूनच जायचा. तिथं आला की दादा मान फिरवून पलीकडच्या विहिरीकडे बघायचा. हरेशलाही दादा दिसला की आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसू लागायचं. दोघंही या कामात फार पक्के होते.

अडचण झाली ती स्नेहलच्या लग्नामुळे. हरेशच्या या एकुलत्या एका मुलीला मुरबाडचा एक मुलगा पसंत पडला होता. मुलगा मास्तर, घर चांगलं. स्नेहल कधी नव्हे ती घरात गुणगुणायला लागली होती. पण मुलाच्या आजोबांनी निरोप धाडला, “घरातला वडीलधारा येऊ दे. तो आल्याशिवाय आम्ही सुपारी फोडत नाही. भावाभावांत बोलणं नाही असं कानावर आलंय, तेवढं खरं-खोटं कळू दे.”

“जा ना, दोन शब्द बोला भावजींशी,” प्रेमा म्हणाली.

“मी? मी कशाला जाऊ? पयला तो बोलू दे.”

“पोरीचा लगीन तुमचा हाय का त्यांचा?”

यावर हरेशने पेपर उघडला. गेल्या आठवड्याचा होता, तरी मन लावून वाचला.

दसऱ्याला त्याने गाडी धुतली, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला हार घातला. मग पुरणपोळीवर आडवा हात मारून तो जो घोरायला लागला, तो देवळातल्या कर्ण्यालाही ऐकेना. उन्हं कलल्यावर उठून बाहेर आला आणि बघतच राहिला. गाडीच्या मागच्या बाजूला हार होता. साधासुधा नव्हे. टपावरच्या कॅरियरपासून बंपरपर्यंत लोंबणारा, मुठीएवढ्या झेंडूंचा, मध्ये मध्ये भाताच्या लोंब्या गुंफलेला. डिकी आणि डाव्या बाजूचा लाल दिवा त्याखाली पार झाकून गेला होता.

लोंब्यांची तशी तिपेडी वेणी गावात एकच बाई घालायची, गिरजावहिनी, दादाची बायको. दरवर्षी तो हार दादाच्या ट्रॅक्टरला असायचा. या वर्षी तो हरेशच्या गाडीला होता आणि दादाचा ट्रॅक्टर अंगणात बोडका उभा होता.

“बघितलास?” हरेश बायकोला म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला झाला होता, पण लगेच त्यात हेडक्लार्क शिरला. “शेवटी त्याला किंमत कळली. ट्रॅक्टरचा हार काढून माझ्या गाडीला घातला. म्हणजे मान दिला.”

“भावजींनी? तुमच्या गाडीला?” प्रेमाने हाराकडे आणि मग नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू दोन्हीत काहीतरी गडबड आहे. पण सणाचा दिवस होता आणि पोरीचं लग्न होतं. शंका मनातच ठेवून ती आत गेली.

दसऱ्याचं सोनं द्यायला धाकट्याने थोरल्याकडे जायचं, ही रीत. चार वर्षं हरेश ती रीत सोयीस्कर विसरला होता. त्या संध्याकाळी त्याने आपट्याची पानं खिशात घातली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मोठ्या मनाने, म्हणजे आपलं मन किती मोठं आहे हे दर पावलाला स्वतःला सांगत, तो दादाच्या अंगणात गेला.

कुंडलिकदादा ओट्यावर बसला होता. हरेशला बघून तो घाबरल्यासारखा उभा राहिला. हरेशने सोनं त्याच्या हातात दिलं आणि वाकून पाया पडला.  दादाचे डोळे भरून आले.

“हरेश, चुकला रे माझा,” एवढंच तो म्हणाला.

“जाऊ दे दादा. मी मनात नाय ठेवत,” हरेश म्हणाला. चूक पागोळीची होती, पत्रे हरेशचे होते, आणि माफ करत होता तोही हरेशच. त्याला फार हलकं वाटलं. गिरजावहिनीने पदराला डोळे पुसत चहा टाकला, आणि चहा संपायच्या आत मुरबाडला जायचं ठरून गेलं.

हार काढायचा नाही, असा हुकूम निघाला. हरेशने दुसऱ्या दिवशी गाडी मुद्दाम शहापूरच्या बाजारात नेली. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी तो गाडी काढणाऱ्यातला नव्हता. त्या दिवशी काढली. नाक्यावर उतरून तो ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगायचा, “दादाने घातला हार. थोरला आहे ना, जीव आहे त्याचा.” लोक हाराकडे बघून माना डोलवायचे. काहीजण जरा जास्तच वाकून बघायचे. हरेशला वाटलं, लोंब्यांची वेणी बघतायत.

हार उतरवला तो शेवटी जिवलीच्या शेळीने. जिवली शेजारची म्हातारी, आणि तिची शेळी तिच्याही शब्दाबाहेरची. रविवारी सकाळी हरेश दात घासत बाहेर आला, तेव्हा शेळी लोंब्या संपवून झेंडूवर आली होती. त्याने ओरडून तिला हाकललं आणि मग त्याच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला. डिकीचा डावा कोपरा आत गेला होता. दिवा फुटला होता. पत्रा चुरगळला होता आणि त्यावर लाल रंगाचा ओरखडा होता.

“ठोकली!” हरेश ओरडला. “उभी गाडी ठोकून पळाला! बाजारात! कोण तो हरामखोर, त्याला मी आत टाकतो!”

पोलिसात जायचं, पंचनामा करायचा, नाक्यावरच्या सगळ्या जीपवाल्यांना उभं करायचं, असं सगळं ओट्यावरून रस्त्यापर्यंत जाता जाता ठरलं. साक्षीदार जमवायला तो तसाच, तोंडाला फेस, विठूच्या टपरीवर गेला. तिथे गावातले चारजण चहा पीत होते. हरेश काही बोलायच्या आत विठूने हात जोडले.

“या हरेशभाऊ. तुमच्यासारखा मनाचा मोठा मानूस बघला नाय आमी.”

हरेशने फेस गिळला. “का? काय झाला?”

“काय झाला काय! दादाच्या ट्रॉलीने तुमची नवी गाडी चेंबटवली. भांडायचा सोडून तुमी सोनं घेऊन त्याच्याच पाया पडाया गेलात. दादाने इथंच बसून सांगला, रडत होता. म्हनं, बोलाया तोंड नव्हता, सनाच्या दिवशी फुटका दिसू नये म्हनून हार टाकला न् संध्याकाळी जाऊन सांगनार होतो, तर माझा भाऊच आला.”

“वर तोच हार मिरवलात बाजारात,” दुसरा म्हणाला. “दुसरा असता तर टाळका फोडला असता.”

हरेशच्या डोक्यात त्या वेळी टाळक्याचाच विचार चालू होता. चार वर्षं न बोलणारा भाऊ, त्याने गाडी ठोकली, वर फुलं वाहिली, आणि आपण त्याच्या पाया पडून आलो. आणि तो पोचा आपणच गावभर, तालुकाभर मिरवून आणला. त्याला ओरडावंसं वाटत होतं की मला माहीतच नव्हतं. पण मग मोठ्या मनाचं काय? आणि मुरबाडचं काय? स्नेहल सकाळीच गिरजावहिनीकडे साडी बघायला गेली होती, नाचतच.

“गाडी काय,” हरेश अखेर म्हणाला, “पत्राच तर आहे.” हे वाक्य बाहेर काढायला त्याला जेवढे कष्ट पडले, तेवढे कचेरीत पूर्ण वर्षात पडले नव्हते. विठूने चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या रविवारी सगळे मुरबाडला निघाले. दादा पुढच्या सीटवर, नवी टोपी घालून, गुडघे पोटाशी धरून. प्रेमा आणि वहिनी मागे. डिकी दोरीने बांधलेली, कारण गॅरेजवाला दिवाळीनंतर ये म्हणाला होता.

मुलाचे आजोबा अंगणातच उभे होते. त्यांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग गाडीला एक फेरी मारली. “हे काय झालं हो?”

हरेश घसा साफ करेपर्यंत दादा पुढे झाला. “मी ठोकली. उभी गाडी ठोकली न् न सांगता पलालो. न् हा माझा धाकटा भाव, चार वर्सं बोलत नव्हतो आमी, हा त्याच दिवशी सोनं घेऊन माझ्या दारात आला. येका शब्दानं नाय बोलला. अशा बापाची पोर हाय आमची. बघा तुमाला पटते का.”

आजोबांनी हरेशला नीट निरखून पाहिलं. हरेशने मान खाली घातली. लाज वाटत होती म्हणून घातली, पण तिथल्या सगळ्यांना तो विनय वाटला. आजोबांनी आत हाक मारली, “सुपारी आणा रे.”

परतताना बायका मागे साडीचोळीच्या बोलण्यात रंगल्या होत्या. दादा काचेबाहेर बघत होता. मग तो हळूच म्हणाला, “तुला म्हाइत नव्हता ना?”

हरेशने चटकन आरशात मागच्या बायकांकडे पाहिलं. “काय?”

“डिकीचा. दुसऱ्या दिवशी तू हार लावून बाजारात गेलास, तवाच वळखला मी. ज्याला म्हाइत हाय तो हार काढून आधी पत्रा बघंल.”

“मग तवाच सांगायचा ना!”

“तू आल्तास ना दारात,” दादा म्हणाला. “सांगला असता तर परत गेला असतास.”

 हेडक्लार्कला सुचतील अशी दोन-तीन वाक्यं हरेशच्या जिभेवर येऊन गेली, ती त्याने गिळली. पण सवय कुठे जाते. घराजवळचं वळण आलं तेव्हा तो म्हणालाच, “एवढी पांढरीफेक गाडी, दादा. दिवसाढवळ्या. तुला दिसली कशी नाय?”

“कशी दिसंल?” दादा म्हणाला. “तुझ्या दारावरून जाताना मी विहिरीकडं बघतो ना.”

हरेशने गाडी दारासमोर लावली. उतरून तो डिकीकडे गेला नाही. अंगणात उभं राहून तो वर, पत्र्यांच्या कडेकडे बघत राहिला. मग त्याने प्रेमाला आतून शिडी आणायला सांगितली. पागोळीला पन्हळ कुठून लावायची, ते त्याला दादाकडून विचारून घ्यायचं होतं.