उपटून बघायचं नाही

टुपुक.

बाळ नुकतंच झोपलं होतं, घर कसं चिडीचूप. बाहेरच्या खोलीत पाण्यात काहीतरी पडलं. बाळाच्या अंगावरचा हात हळूच काढून घेतला आणि बाहेर येऊन पाहिलं. सासरे माशांच्या टाकीपुढे उभे. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली आणि हातात मुळासकट उपटलेलं झाड.

“बाबा, काय करताय?”

“मूळ धरलंय का बघत होतो.”

“रोज बघता?”

“रोज कुठे? तू बाळाला घेऊन आत गेलीस की बघतो.”

म्हणजे रोजच.

झाडं सासूबाईंची. त्या गेल्यावर बाबा त्यांच्या घरात एकटेच राहिले आणि एकदा गॅस चालू ठेवून फिरायला निघून गेले. शेजाऱ्यांना वास आला म्हणून निभावलं. आम्ही त्यांना इकडे आणलं, तेव्हा टाकी गाडीत चढवताना तडकली. मासे, झाडं बादलीतून आली आणि नव्या टाकीत गेली. मासे लगेच रुळले. झाडांची पानं मात्र भिजल्या कागदासारखी विरघळायला लागली. ते बघून बाबा जेवता जेवता म्हणाले, “हिची झाडं जगली तर राहतो. नाहीतर मला माझ्या घरी सोडा.”

नवऱ्याला ती थट्टा वाटली. मला नाही वाटली. तेव्हापासून माझा जीव त्या टाकीत अडकलेला. दूध गॅसवर ठेवलं की आधी टाकीत डोकावायचं, तरंगणारी पानं गुपचूप काढून कचऱ्यात तळाशी दडवायची, मग उतू गेलेलं दूध पुसायचं.

नवी टाकी ज्याच्याकडून घेतली तो मासेवाला म्हणाला होता, “वहिनी, जागा बदलली की ही झाडं पानं टाकतातच. नव्या पाण्यात नवी पानं यावी लागतात. कुजलेलं तेवढं कापा, उजेड कमी ठेवा आणि मुळांना हात लावू नका.” मग आवाज खाली आणून, “अगदीच वाटलं तर तसलीच दुसरी देतो. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय?”

ती दुसरी झाडं बाथरूममध्ये बादलीत झाकून ठेवली होती. संध्याकाळी बाबा फिरायला गेले की बदलायची.

“बाबा, तुम्ही रोज उपटलंत तर ते धरणार कसं?”

“तुझी सासू दिवसभर हात घालून असायची.”

“रुजलेल्या झाडांत. आणि त्यांचा हात वेगळा.”

“तेही खरं. माझ्या हातून निवडुंगसुद्धा मेलं होतं. वर्षभर ऐकवलं तिनं.”

मी झाड हातात घेतलं. मुळाच्या टोकाशी पांढरा, केसाएवढा धागा होता. बाबांचा चष्मा आत राहिलेला. त्यांचं बोट धरून मी त्या धाग्यावर टेकवलं.

“हे नवीन आहे?” त्यांनी विचारलं.

“नवीनच.”

बाळाची नखं काढायच्या कात्रीनं मी कुजके देठ कापले. बाबांनी वाळूत बोटानं खळगा केला, झाड ठेवलं, वाळू ओढून घेतली.

“आता उपटून बघायचं नाही,” मी म्हणाले.

“मग कळणार कसं?”

“पानावरून.”

“पान एकही नाही, सूनबाई.”

“मग थांबायचं. सारखं विचारून का कुणी रुजतं?”

बोलले आणि जीभ चावली. ‘बाबा, बरं वाटतंय ना इथे?’ हे मी त्यांना उठता बसता विचारत होते. सकाळीही विचारलं होतं. त्यांचा हात पाण्यातच होता, झाड हलू नये म्हणून बोटं वाळूवर दाबून धरलेली. मला वाटलं, बाथरूममधली बादली आता मासेवाल्याला परत करावी. आजच.

तेवढ्यात माझी थोरली लेक आली. हात धुवायला गेली होती, फ्रॉक पुढून चिंब, आणि मुठीत हिरव्यागार पानांचं झाड. मूळ जमिनीवर ठिबकत होतं.

“आई, हे बघ. बादलीत आजीची किती छान झाडं आहेत.”

बाबांनी मान वळवून आधी तिच्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात त्यांनी पाण्यातून काढला नाही.

थोरली टाकीला नाक लावून उभी राहिली.

“मग आई, आजोबांनी धरलंय ते कुणाचं?”