तीन पाने 'घरचं'

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातली एक जुनी मापवही आहे. माझे वय मात्र विचारू नका. एकदा माझी शिवण उसवली, तेव्हा दुकानातल्याच सुईदोऱ्याने मला घाईघाईत टाचले आणि पाने उलटसुलट लागली. तेव्हापासून आधीचे कोणते नि नंतरचे कोणते, माझे मलाच कळत नाही.

थोरल्या मास्तरांनी मला आणले तेव्हा माझे पुठ्ठे कसे ताठ होते! मास्तर गळ्यात फीत टाकून माप घेत आणि गिऱ्हाइकाचे नाव, गल्ली, छाती, कंबर, बाही सारे माझ्यात उतरवत. खाली शेराही असे. 'पोट लपवायचे आहे.' 'हा उभा राहताना श्वास रोखतो, सैल ठेवणे.' कोणी दहा वर्षांनी उगवले तरी मास्तर मला थोपटून म्हणत, "वहीत आहे!" मी फुलून जाई.

घरच्यांचे माप घेतले की मात्र वर एकच शब्द पडे, 'घरचं'. पुढे थोरले मास्तर गेले. मुलाने गादी सांभाळली, नवी वही आणली आणि मला शिलाई मशीनच्या आखूड पायाखाली सारले. किती वर्षे मी तो खडखडाट डोक्यावर घेतला, देव जाणे. माझी पार चटणी झाली.

आता हे धाकटे मास्तरही म्हातारे झाले आहेत. परवा त्यांच्या मुलीने मशीन सरकवले आणि मला उचलून फुंकर मारली.

"बाबा, आजोबांची वही! यात आजीचं मापसुद्धा असेल की!"

मास्तरांची कात्री थांबली. ते दोन वर्षांचे व्हायच्या आतच त्यांची आई गेली होती. तिचा फोटो नव्हता. चेहरा नाही, आवाज नाही. "भली बाई होती," एवढेच लोक सांगत, आणि तसे तर सगळ्याच गेलेल्यांबद्दल सांगतात.

'घरचं' लिहिलेली तीन पाने निघाली. तिन्ही हिवाळी कोटाची, तिन्ही बायकांची. तेव्हा घरात तिघी होत्या : थोरल्या मास्तरांची आई, त्यांची वहिनी आणि बायको.

"यातली माझी आई कोणती?" मास्तर कधी हे पान धरत, कधी ते.

"कमाल आहे आजोबांची! गिऱ्हाइकांच्या गल्लीबोळासकट लिहिलंय आणि घरच्यांचं नावसुद्धा नाही!"

"अगं, घरच्यांचं काय लिहायचं? ती कुठे जाणारेत, असंच वाटतं ना."

मी माझे पोट चाचपून पाहिले. खरे सांगते, मलाही आठवेना. फीत आठवत होती, पेन्सिल आठवत होती, माणूस आठवत नव्हता. मला माझीच लाज वाटली.

मुलीने एक पान उजेडाकडे नेले. खाली पुसट शेरा होता. तिने तो सावकाश वाचला. "'डावा खांदा अर्धा इंच खाली. आतून कापूस भरणे. पोर कडेवरून उतरवतच नाही.'"

मास्तरांनी ते पान तिच्याकडून घेतले.

"घरात पोर एकच होतं," ते म्हणाले. "मी."

मग ते लहान मुलासारखे रडले. त्या पानावरच्या 'घरचं'पुढे त्यांनी आईचे नाव लिहिले आणि शेऱ्याखाली लिहिले, 'हे पोर म्हणजे मी.' अक्षर वेडेवाकडे आले, पण मला ते माझ्यातले सर्वांत सुंदर अक्षर वाटते.

मित्रांनो, आता मी मशीनखाली नाही, कपाटात आहे. पण माझा गोंधळ सुटलेला नाही. उरलेल्या दोन पानांतली मास्तरांची आजी कोणती आणि काकू कोणती? मास्तरांना ठाऊक नाही, मला ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक होते त्यांतले कोणीच उरले नाही. तुमच्या घरी कोणी उरले असेल, तर आजच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. आणि वर नुसते 'घरचं' लिहू नका.