शिऱ्याचं बोट

धायरीच्या मांडवात टाळ्या. "उतरली! हिचीही साखर उतरली!"

हिंजवडीच्या कंपनीत पूर्णिमाचं काम एकच: औषधाआधीचा आणि औषधानंतरचा आकडा जोडीनं तपासणं. दिवसभर समोर संगणक.

घरच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनची न फोडलेली बाटली.

बाटली घरमालकीण गोदाबाईंची. उत्तरेश्वर महाराजांच्या तीर्थानं साखर उतरते, म्हणून त्यांनी इन्सुलिन सोडलं होतं. यवतमाळहून आलेल्या पूर्णिमाला पुण्यात जेवलीस का विचारणारं माणूस तेवढं एकच. म्हणून मे महिन्यातल्या रविवारी तीही मांडवात गेली.

"आधी प्रसाद, मग परीक्षा!" महाराज गरजले. "साखर मोजायचं यंत्र विलायती, तीर्थ आमचं!"

हातावर शिरा पडला. प्रसादाचा हात कोण धुतं? लोकांनी तो केसांना पुसला आणि तेच बोट सुईपुढे केलं. आकडा चढा. मग तीर्थ प्यायचं, उरलेलं हातांना चोळायचं. पुन्हा सुई. आकडा खाली.

"आमच्या ह्यांची बी उतरली हाय," शेजारी बसलेली बाई म्हणाली.

पूर्णिमानं सवयीनं चिन्ह चाचणी लावली. आकडा किती बदलला ते सोडायचं; प्रत्येकाचा चढला की उतरला, एवढंच बघायचं. तीर्थ निरुपयोगी असेल तर काहींचा चढेल, काहींचा उतरेल, छापकाट्यासारखा. इथे एकूण एक उतार. म्हणजे योगायोग नव्हे. तिचंच शास्त्र महाराजांच्या बाजूनं! भर गर्दीत तिला एकटं वाटलं.

महाराजांपुढे न जाताच ती परतली. दारात किल्ली बोटाला चिकटली, आणि ती थबकली.

"काकू, तुमचं यंत्र द्या."

"तुला कुठे साखर आहे?"

"म्हणूनच."

घरी आणलेल्या द्रोणातला शिरा तिनं नुसता बोटाला चोळला. यंत्र म्हणालं, तीनशे दहा. नळाखाली साबणानं हात धुऊन पुसला. ब्याण्णव.

गोदाबाईंनी यंत्र हातात घेतलं. "म्हणजे महाराजांचं तीर्थ आमच्या नळालाही येतं. सकाळी सात ते नऊ!"

पुढच्या रविवारी सोसायटीतल्या मधुमेही मंडळींनी दोन्ही वेळा साबणानं हात धुऊन तेच तीर्थ घेतलं. निम्म्यांची साखर जराशी चढली, निम्म्यांची जराशी उतरली. चाचणी तीच, उत्तर उलटं.

चमत्कार जरूर मोजावा. पण दोन मोजण्यांच्या मध्ये आणखी काय बदललं, तेही विचारावं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नये.

गोदाबाईंनी बाटली बाहेर काढली. "तिथे मांडवात सुई टोचताना कुणीतरी हात धरायचं गं."

पूर्णिमानं हात पुढे केला.

गोदाबाईंच्या अमेरिकेतल्या मुलाचा शेवटचा फोन दिवाळीत आला होता.