कल्ल्यातलं मीठ

प्रयोगशाळेच्या टेबलावर नऊ काचेच्या ताटल्या. आठ दुधासारख्या पांढऱ्या, कोऱ्या. नववीवर तीन गुलाबी ठिपके, मोहरीहून लहान – आणि मधल्या ठिपक्याभोवती दूध विरून गेल्यासारखं एक आरपार कडं. शेफालीने ताटली खिडकीकडे धरली. कड्यातून समोरच्या चाळीच्या गॅलरीत वाळणारा टॉवेल दिसला.

"मोजलंस?" संघमित्रा मॅडम पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या. "कडं दहा मिलिमीटरच्या खाली असेल तर विषय बदलायचा हं. ठरलंय आपलं."

"मोजते, मॅडम." पण पट्टी खिशातच राहिली.

विषय म्हणजे हेच – मिठावर जगणारे जिवाणू. खारवलेल्या माशावर गुलाबी डाग पडतो तो त्यांचा. जितक्या खारात इतरांचं एन्झाइम निकामी होतं तितक्यातच यांचं मात्र प्रथिनं तोडत राहतं – ताटलीतल्या दुधातलीसुद्धा – आणि कातडी कमावणाऱ्या कारखान्यांना नेमकं तेच हवं असतं... डागी बांगड्यांसाठी लांब कशाला जायचं, आई लालबागच्या बाजारात सुकी मासळी विकते. आणि आईने ते दिलेही – ओल्या पिशवीत.

"धुतलेस?"

"मग? लाल पडलेला माल तुझ्या मॅडमच्या हातात तसाच देऊ? दोन पाण्यांनी चोळून धुतले. गुणवंतीच्या पोरीने डागी मासळी आणली म्हणतील!"

"आई, ते जिवाणू गोड्या पाण्यात फुटतात गं! मरतात!"

"मरूदे मेले."

आणि मग, शेफाली पाय आपटत निघाली तेव्हा, मागून – "डोकी नाय धुतली मात्र. कल्ल्यात बोट घातलं की झोंबतं."

त्या बोटाला भेग आहे, आठवतं तेव्हापासून. पावसाळ्यात जरा मिटते, मासे खारवायला बसली की पुन्हा उघडते. शाळेच्या गॅदरिंगला आई वेण्या घालायची तेव्हा ती भेग केसांत अडकायची, आणि मी – ओढू नकोस ना, म्हणून मी डोकं झटकायचे... बोट दुखत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आठ ताटल्या माशांच्या अंगावरच्या खरवडीच्या. नववी कल्ल्यातल्या मिठाची. आता काय उरलंय म्हणून रागारागाने घातलेली. म्हणजे भेग नसती, तर आईने कल्लेही धुतले असते, मनापासून, आणि आज नऊच्या नऊ कोऱ्या. मग उपकार मानायचे ते कशाचे – तिच्या दुखण्याचे? हे मनात आल्यावर शेफालीला शरम वाटली, पण आईविषयीचं ते भरून येणं काही ओसरेना. उलट पसरतच गेलं, त्या दोन पाण्यांपर्यंत, त्या चोळण्यापर्यंत – तेही शेवटी माझ्याच अब्रूसाठी धुणं होतं... संध्याकाळी हातमोजे न्यावेत का? घालायची नाही. मीठ हाताला कळायला लागतं, म्हणेल. तरी न्यावेत.

"शेफाली, झोपलीस की काय?"

"नाही, मॅडम."

तिने ताटली काळ्या कागदावर ठेवली. पट्टी कड्याला आडवी लावली, मग उभी, मग पुन्हा आडवी.

आडवं चौदा मिलिमीटर. उभं तेरा.