रिकाम्या गाड्यावरची हाक

मित्रांनो, मी एक जुना हातगाडा आहे. बाभळीच्या फळ्या आणि सायकलची चार चाकं. गेवराईच्या बाजारात सत्तारचाचा आणि मी अठरा वर्षं मोसंबी विकली. नाव त्यांच्या आवाजाचं झालं, वजन मी वाहिलं, असो.

"घ्या मोसंबी, गोड मोसंबी, रसानं भरली मोसंबी!" ही त्यांची हाक. एका दमात.

मग कोरोना आला. चाचा तीन आठवडे दवाखान्यात होते. घरी आले ते दम तिथंच ठेवून आल्यासारखे. रहेमतचाचींनी मायेपोटी त्यांना अंगणातल्या खाटेवरून उठूच दिलं नाही. माझ्यावर गोधड्या वाळू लागल्या.

एके दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या शिवांजलीताई आल्या. "पडून राहिलात तर पायातलं बळ जाईल, चाचा. रोज थोडं चाला. चालताना एक वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे. तुटलं की थांबायचं." त्यांनी वॉकर आणला होता.

"हे धरून गल्लीत जाऊ? लोक म्हणतील, सत्तार संपला!" चाचांनी तोंड फिरवलं आणि त्यांची नजर गोधड्यांखाली गेली. माझ्यावर.

दुसऱ्या सकाळी आम्ही रिकामेच निघालो. चहावाले हरिबा ओरडले, "सत्तारभाई, हवा इकायला काढली का काय?"

"हां... लई महाग... हाय."

वाक्य म्हणून चाचांनी आपली हाकच घेतली. विजेच्या पहिल्या खांबाशी "गोड" वर तुटली. थांबलो, परतलो.

नवव्या दिवशी जरा बरं वाटलं, तर चाचींची नजर चुकवून त्यांनी दोन कॅरेट मोसंबी चढवली. खांबाआधीच चाचा माझ्या चाकाला टेकून खाली बसले. ओठ निळे पडलेले. उतार होता, पण मी हललो नाही.

"मी सांगेपर्यंत गाडा रिकामा," हे कळल्यावर शिवांजलीताई म्हणाल्या. "पुन्हा पहिल्या खांबापासून."

चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण निघाले.

संक्रांतीच्या सुमारास पाचव्या खांबाशी हाक पुरी झाली. एका दमात! हरिबांच्या हातातला चहा सांडला. नेहमीच्या गिऱ्हाईक महानंदाबाई पिशवी घेऊन धावत आल्या आणि मला रिकामा पाहून चिडल्या. "मोसंबी कुठाय?"

"ताईला इचारतो," चाचा न थांबता म्हणाले, "ती हो म्हणली की पहिली तुमालाच."

मित्रांनो, आजारातून उठलेल्या माणसाला खाटेला बांधू नका आणि पळवूही नका. त्याच्यासोबत खांबाखांबानं चला. आणि वाटेत एखादा जुना गाडा कुरकुरताना दिसला, तर त्याच्या चाकात थेंबभर तेल घाला. त्यालाही दम लागतो.