पावणेअकराची भरती

वर्ग १ : पाणी. नकाशावर निळं.

त्या निळ्यात उभी राहून सखू तिसऱ्यांचे शिंपले उकरत होती. पोटरीपर्यंत चिखल, टोपली अर्धी भरलेली. भार्गवी बांधावर उपग्रहाच्या फोटोवरून केलेला नकाशा धरून उभी, आणि संतापाने तिची कानशिलं तापलेली. नाटे गावची ही अख्खी चिखलाची पट्टी तिच्या संगणकाने समुद्रात बुडवली होती. सोमवारी नकाशा मंजूर झाला की इथे जेटी. समुद्रात जेटी बांधायला कोण हरकत घेणार?

"कवाचा गो ह्यो फोटो?" सखूने विचारलं.

"गेल्या वर्षीचा. सहा मार्च, सकाळी पावणेअकरा. एकही ढग नव्हता, म्हणून मीच निवडला."

सखू खदखदून हसली. "अगो बाय, होळी ती! माझा दीपक मुंबयहून पालखीला आलेला. पुनवेचं उधाण, पाणी ह्या बांधाला लागलेलं. तुझा उपग्रह तिथी बघून येत नाय काय?"

वर्ग २ : कांदळवन. हिरवं. हे बरोबर, कारण झाडांचे शेंडे पाण्यावर राहिले.

वर्ग ३ : चिखल.
नकाशावर नाही.

संगणक शिकवावं तसं शिकतो. पंख्याखाली बसून, पडद्यावर चौकोन आखून भार्गवीनेच त्याला सांगितलं होतं, हे पाणी. नकाशा बरोबर आहे का हे तपासायचे ठिपकेही त्याच चित्रातून उचललेले. चोराच्या साक्षीला चोर. म्हणे त्र्याण्णव टक्के अचूक!

वर्ग ४ : कशातच न बसणारं.

"उरलेल्या सात टक्क्यांत तुझी सखू," नकाशे करणाऱ्या तिच्या कंपनीचे रत्नागिरीतले प्रमुख, गोपाळकृष्ण सर कार्यालयात म्हणाले.

"सर, अष्टमीच्या आसपासचं चित्र घेऊ. उपग्रह नेहमी पावणेअकराच्या सुमारासच येतो, आणि अष्टमीला तेव्हा ओहोटी असते."

"अहवालात तिथी लिहू? मुहूर्तही काढू का? आणि कारण काय देऊ, आम्हाला भरती कळत नाही?"

"कारण मी दिलंय."

तिने कागद टेबलावर आपटला. त्यावर लिहिलेलं: चित्र निवडताना मी भरतीची वेळ पाहिली नाही. चूक माझी. नकाशा चुकीचा आहे. खाली सही, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा आवक शिक्का.

सरांचा चेहरा पडला. मग लाल झाला.

"तुझं नाव परत कुठल्या नकाशावर लागणार नाही, भार्गवी!"

"नका लावू. आधी ह्या नकाशावरचं खोडा."